नक्षत्रांची लोड टेस्ट

तुळजाराम रावांच्या कंपनीत नित्याला सॉफ्टवेअर तपासण्याचा अधिकार होता. ते थांबवण्याचा नव्हता. ती चुका शोधायची, लिहून द्यायची, डेव्हलपर साईराम 'बघतो' म्हणायचा आणि ठरलेल्या शुक्रवारी नारळ फुटून ॲप बाहेर पडायचं. मग त्याच चुका गिऱ्हाइकं फोन करून कळवायची. ते फोन घ्यायचं काम नित्याकडेच होतं, कारण चुकांची माहिती तिला सर्वांत चांगली होती.

चेन्नईत ती ज्या कंपनीत होती, तिथे टेस्टरने लाल खूण केली की रिलीज जागच्या जागी अडायचं. व्यवस्थापकालासुद्धा ती खूण पुसता येत नसे. तंजावरला परत येताना नित्याचा पगार कमी झाला, त्याचं तिला फारसं वाटलं नाही. लाल खूण गेली, त्याचं वाटलं. तेवढी एक गोष्ट इथे मिळावी म्हणून ती तुळजारामांच्या मागे लागली होती.

"थांबवायला काय गे," तुळजाराम म्हणायचे. "लग्नात थांबवणारे पुष्कळ असतात. लावून देणारा एखादाच."

दोघंच असले की ते मराठीत बोलत. नित्याच्या घराण्यासारखंच त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलं होतं. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती, पण रागावणं आणि समजूत घालणं ही दोन कामं ते मराठीतच करत. बाकी ऑफिसचा कारभार तमिळमध्ये चाले. ऑफिस मेडिकल कॉलेज रोडवर, फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं, आणि दुपारभर खालून सागवानाला पॉलिश मारल्याचा वास येई.

या वेळचं ॲप नेहमीपेक्षा मोठं होतं. ओरत्तनाडूच्या रामस्वामींची भातकापणीच्या मशीनवाल्यांची संघटना होती. पोंगल झाला की सांबाचं, म्हणजे हिवाळी भाताचं, पीक सगळीकडे एकदम तयार होतं, सगळ्यांना मशीन त्याच आठवड्यात हवं असतं, आणि आधी कोणाचं कापायचं यावरून बांधावर दर वर्षी भांडणं होतात. रामस्वामींना ही भांडणं फोनमध्ये घालायची होती. शेतकऱ्याने 'मशीन बोलवा' हे बटण दाबायचं, ॲपने मोकळं मशीन पाठवायचं. ॲपचं नाव 'कदिर', म्हणजे कणीस. हा हंगाम नीट गेला तर पुढच्या सगळ्या हंगामांचं काम तुळजारामांना मिळणार होतं.

आणि हा हंगाम नीट गेला, तर टेस्टिंगचा वेगळा विभाग काढू, नित्या त्याची प्रमुख आणि थांबवायचा अधिकारही तिला, असं तुळजाराम आपणहून म्हणाले.

"नक्की?" नित्याने विचारलं.

"माझ्या शब्दावर विश्वास नाही तुज?"

"तुमच्या शब्दावर आहे. साईरामच्या कोडवर नाही."

साईरामचा कोड वाईट नव्हता. तो घाईने लिहिलेला होता, आणि त्यात एक खोड होती. कोणीही बटण दाबलं की 'कदिर' त्याच्यासाठी मशीनची सगळी यादी अडवून धरायचं आणि त्याचं काम झाल्यावरच सोडायचं. माणसं एकामागून एक आली तर काही बिघडत नसे. सगळी एकदम आली तर एका खिडकीवर जत्रा जमल्यासारखं व्हायचं.

म्हणून लोड टेस्ट. म्हणजे खोटे शेतकरी तयार करून त्यांना ॲपवर सोडायचं आणि ॲप किती जणांना पुरतं ते पाहायचं. साईरामने काही हजार खोटे शेतकरी तयार केले. तो बुधवार होता, जेवणाची वेळ होत आली होती.

"सुरू कर ना," नित्या म्हणाली.

"दीड वाजू दे. राहुकाळ आहे."

दीड वाजला. साईरामने स्क्रीनला नमस्कार करून टेस्ट सुरू केली. त्याचे शेतकरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारख्या अंतराने येत होते, बटण दाबत होते, मशीन घेऊन जात होते. सगळं हिरवं आलं.

"तुझे शेतकरी दिवसभर सारखे येतात," नित्या म्हणाली. "राहुकाळातही."

"सरासरी काढली आहे."

"तू स्वतः आत्ता राहुकाळात बटण दाबलं नाहीस."

"मी नाही दाबत. ते युजर आहेत."

नित्याने स्वतःची टेस्ट लिहिली. त्या टेस्टसाठी एक छोटा पडदा तयार केला: एका बाजूला शेतकऱ्यांचे गट, दुसऱ्या बाजूला वेळ. गट निवडा, वेळ घाला, पाठवा. सगळ्यांत वर 'सगळे गट' असा एक चौकोन होता. त्यात बरोबरची खूण तिने कायमची करून ठेवली, कारण तिला तेच तपासायचं होतं. तिने सगळ्या गटांना शुक्रवारी सकाळी साडेनऊची वेळ दिली. त्या दिवसाचं नल्ल नेरम, म्हणजे शुभ वेळ, साडेनऊला लागते आणि साडेदहाला राहुकाळ सुरू होतो, हे तिथल्या घराघरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेलं असतं. ॲप काही क्षण चाललं. मग प्रत्येक खोट्या शेतकऱ्याच्या फोनवर एक चाक फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं.

तिने तुळजारामांना बोलावून दाखवलं.

"पण असं कधी होणार?" ते म्हणाले. "सगळे एकाच वेळी कसे येतील? माणसं आहेत, मुंग्या नव्हेत."

"तुम्ही नारळ कधी फोडणार आहात, सर?"

"शुक्रवारी. साडेनऊला."

"साडेनऊलाच का?"

तुळजारामांनी चाकाकडे पाहिलं. "ते वेगळं," ते म्हणाले.

पण त्यांना ते पटलं होतं. खोड काढायला किती दिवस लागतील असं त्यांनी साईरामला विचारलं. साईराम म्हणाला, तीन आठवडे. रिलीज पुढच्या शुक्रवारी होतं आणि पीक काही तीन आठवडे उभं राहणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साईराम हसत आला. त्याने कोडला हातच लावला नव्हता. त्याने शेतकऱ्यांना हात लावला होता. ॲपमध्ये नाव भरताना शेतकऱ्याने आपलं जन्मनक्षत्र भरायचं. ॲप त्याला सांगणार: तुमचं नल्ल नेरम अमुक दिवशी अमुक वाजता. बटण त्याच वेळेत चालणार. सत्तावीस नक्षत्रं, दर आठवड्याला शुक्रवार ते रविवार वाटून दिलेली, राहुकाळ वगळून. अश्विनी पहिली, रेवती शेवटची.

"म्हणजे गर्दी सत्तावीस जागी फुटली," तो म्हणाला. "आणि कोणी कुरकुर करणार नाही. माझा नंबर मागे का, असं माणूस विचारतो. माझं नक्षत्र मागे का, असं कोण विचारेल?"

तुळजारामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. नित्याच्या पडद्यावर गटांच्या जागी नक्षत्रांची नावं आली. बाकी पडदा होता तसाच राहिला. पुन्हा टेस्ट झाली, ती साईरामने आपल्या बाजूने, वाटून दिलेल्या वेळांप्रमाणे चालवली; सगळ्यांना एकदम सोडायची गरज आता नाही, असं तुळजाराम म्हणाले. ॲप पाण्यासारखं चाललं.

"सही कर," तुळजाराम म्हणाले.

"यात लिहिलं आहे, तुमचं नल्ल नेरम," नित्या म्हणाली. "ते नाही आहे. ती रांग आहे."

"रांग नीट चालते?"

"चालते."

"मग चूक कोणती?"

"स्क्रीनवर लिहिलेलं खरं नाही, ही."

साईराम मध्ये पडला. "चूक लिहिताना काय लिहितेस तू? काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं. बरोबर? मग सांग. उत्तराषाढाला रविवारी सकाळची वेळ दिली. खरी शुभ वेळ कोणती होती?"

"मला काय माहीत?"

"मग ही चुकीची आहे हे तुला कसं कळलं?"

तुळजारामांनी साईरामला कॉफी आणायला पाठवलं आणि मराठीत समजूत घातली.

"ऐक गे. हा हंगाम नीट गेला तर थांबवायचा अधिकार तुझा. आत्ता थांबवलंस तर हंगामच गेला. मग काय थांबवशील? फर्निचरचं दुकान?"

असा तो व्यवहार होता. थांबवण्याचा अधिकार मिळवायचा, तर हे एक रिलीज थांबवायचं नाही. नित्याने त्यावर रात्रभर विचार केला असं म्हणणं बरं दिसलं असतं, पण तिने कॉफी येईपर्यंत विचार केला. मग लिहिलं: 'वेगासाठी तपासलं. चालतं.' आणि सही केली. 'वेगासाठी' हा शब्द तिने मुद्दाम घातला होता. तो कोणी वाचला नाही.

शुक्रवारी साडेनऊला नारळ फुटला. खरा सर्व्हर मुंबईत कुठेतरी भाड्याने घेतलेला होता. त्याच्यापर्यंत हात पोचत नसल्याने दृष्टीचं लिंबू साईरामच्या लॅपटॉपसमोर ठेवलं. 'कदिर' बाहेर पडलं आणि एकदाही अडलं नाही.

पहिल्या आठवड्यात रामस्वामींचे फोन आले ते कौतुकाचे. बांधावरची भांडणं बंद झाली होती. अमक्या बड्या शेतकऱ्याचं आधी का कापलं, हे कोणी विचारत नव्हतं. त्याचं नक्षत्र भरणी आहे, म्हटलं की विषय संपे. वेगाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. चालणाऱ्या गोष्टीच्या वेगाबद्दल कोणी बोलत नाही, हे नित्याला ठाऊक होतं. शुभ वेळेबद्दल मात्र सगळे बोलत होते. काहींनी फोन करून मुलीच्या साखरपुड्याची वेळ विचारली. ते फोनही नित्याकडेच आले.

एक गोष्ट मात्र तिने नोंदली. मशीन नक्षत्राप्रमाणे जात होतं, रस्त्याप्रमाणे नाही. या गावातलं एक शेत कापून ते चार गावं पलीकडे जायचं आणि पहिल्या शेताला लागून असलेल्या शेतासाठी दुसऱ्या दिवशी परत यायचं. तिने हे लिहून दिलं. साईराम 'बघतो' म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. शनिवारी दुपारपासून पाऊस, असं शुक्रवारच्या बातम्यांत आलं. पोंगलनंतरचा पाऊस भाताला झोपवतो, आणि झोपलेलं भात पाण्यात उगवायला लागतं. शुक्रवारी संध्याकाळी नित्याने पापनाशमजवळच्या गावी तिच्या आत्तेला, वेंकूबाईला, फोन केला.

"कापलं का, आत्ते?"

"रविवारी. तुझ्या फोननं रविवार सकाळ दिली आहे. उत्तराषाढा ना माझं."

शनिवारी सकाळी नित्या लॅपटॉप पाठीला लावून पहिल्या बसने निघाली.

वेंकूबाई साठीच्या पुढच्या, नवरा गेल्यापासून शेत एकट्या पाहणाऱ्या. ओसरीवर बसून त्या डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे पसरट वाटी आणि पेल्यात, कॉफी निववत होत्या. समोर रस्त्यापलीकडे त्यांचं भात पिवळंधमक उभं होतं. त्याला लागूनचं शेत नुकतंच कापून झालं होतं आणि तिथे संघटनेतल्या मणी नावाच्या चालकाचं मशीन घरघरत उभं होतं. मणी मशीनवरून उतरून कुंपणाशी आला होता. आकाश पूर्वेकडे राखेच्या रंगाचं झालं होतं.

"मी बाईंना मघापासून सांगतोय," मणी नित्याला म्हणाला. "आत्ता उतरतो, दुपारच्या आत काढून देतो. नाही म्हणतात. मग मला वलंगैमानला जावं लागेल. तिथल्या माणसाचं मघा नक्षत्र आहे."

"त्याचं जे असेल ते असो," वेंकूबाई म्हणाल्या. "माझं रविवारी."

"आत्ते, रविवारी हे भात पाण्याखाली असेल."

"शुभ वेळी कापलेलं भात भिजत नाही."

नित्याने बॅग खाली ठेवली. "ती शुभ वेळ नाही आहे. ती आम्ही तयार केली."

"सगळ्या वेळा कोणी तरी तयार करतोच. पंचांग काय वांग्यासारखं उगवतं?"

"तसं नाही. गर्दी होऊ नये म्हणून नक्षत्रं ओळीने लावली, एवढंच. अश्विनी पहिली, म्हणून शुक्रवार सकाळ."

"मग? अश्विनी पहिलीच असते."

"उत्तराषाढा एकविसावं, म्हणून रविवार."

"हे कळायला तुज कॉलेजात जावं लागलं?"

मणी हसला आणि हसू लपवायला त्याने आभाळाकडे पाहिलं. आभाळ पाहून त्याचं हसू गेलं.

"आत्ते, माझी शपथ. त्या यादीवर मी सही केली आहे. मला माहीत आहे ती खोटी आहे."

"खोटी आहे तर सही कां केलीस?" वेंकूबाईंनी विचारलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. नित्याने फोन काढला, तेव्हा त्यांनी टंबलर तिच्या हातात दिला. "घे. उपाशी आली आहेस, म्हणून असं बोलतेस."

नित्याने साईरामला फोन लावला. तो कुठल्याशा लग्नात होता. नादस्वराच्या, तिकडच्या सनईच्या, आवाजात त्याला काही ऐकू गेलं नाही. तिने तुळजारामांना लावला.

"सर, लाइव्ह डेटामध्ये एक बदल करायचा आहे. एका नक्षत्राची वेळ आजची करायची. परवानगी द्या."

"साडेदहानंतर बोलू."

"तोवर मशीन निघून जाईल."

"राहुकाळ आहे गे. या वेळी मी कशाला होय म्हणत नाही."

"मग नाही म्हणा."

"नाहीसुद्धा म्हणत नाही," तुळजाराम म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मणी मशीनवर चढला होता. नित्याने ओसरीवर लॅपटॉप उघडला. लोकांच्या चालू ॲपवर न तपासता काहीही टाकायचं नाही, हा नियम तिने या ऑफिसात आणला होता, छापून साईरामच्या खुर्चीमागे चिकटवलाही होता. साईरामकडून तो मोडला जाऊ नये म्हणून चालू ॲपची किल्ली तिने स्वतःकडे ठेवली होती. ती आता कामाला आली. तिने टेस्टचा पडदा उघडला, कोपऱ्यात 'टेस्ट' होतं तिथे 'लाइव्ह' केलं, नक्षत्रांच्या यादीतून उत्तराषाढा निवडलं. वेळ घातली: आज, सकाळी दहा चाळीस. राहुकाळ संपल्यानंतरची दहा मिनिटं तिने आत्तेच्या समाधानासाठी धरली होती.

"मणी, थांब. दोन मिनिटं," तिने ओरडून सांगितलं आणि 'पाठवा' दाबलं.

वेंकूबाईंचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "आज दहा चाळीस," त्या म्हणाल्या. मग भाचीकडे पाहिलं, आणि त्यात विजयाबरोबर थोडी दयाही होती. "पाहिलंस? ज्याचं त्याला बरोबर कळतं."

मग मणीचा फोन वाजला. मग शेजारच्या घरातला. रस्त्यावरून जाणाऱ्या मोपेडवाल्याने गाडी थांबवून खिशातला फोन काढला. कालव्यापलीकडून कोणी तरी मोठ्याने विचारलं, "तुलाही दहा चाळीस?" आणि आणखी पलीकडून हो आलं.

"माझं उत्तराषाढा नाही, हस्त आहे," मणी मशीनवरून म्हणाला. "मलाही दहा चाळीस. माझं तर शेतही नाही. बायकोने भावाच्या शेतासाठी नाव घातलंय."

नित्याने पडद्याकडे पाहिलं. उत्तराषाढा निवडलेलं होतं. पण त्याच्या वर, 'सगळे गट' या चौकोनात, बरोबरची खूण तिने जशी करून ठेवली होती तशी होती.

ती खूण काढून सगळं परत फिरवायला तिच्या हातात काही मिनिटं होती. त्या मिनिटांत तिने एकदा यादीकडे, एकदा आकाशाकडे पाहिलं. परत फिरवायचं म्हणजे निम्म्या गावांना पुन्हा उद्या म्हणायचं. तिने लॅपटॉप मिटला नाही, पण हातही लावला नाही.

दहा चाळीसला वेंकूबाईंनी बटण दाबलं. त्याच वेळी, जिथे जिथे 'कदिर' पोचलं होतं तिथल्या प्रत्येकाने दाबलं. वेंकूबाईंच्या फोनवर एक चाक फिरायला लागलं. मणीच्या फोनवरही तेच. जी टेस्ट कंपनीने खोट्या शेतकऱ्यांवरसुद्धा पुन्हा करू दिली नव्हती, ती आता खऱ्या शेतकऱ्यांवर चालली होती आणि तिचा निकाल तोच आला.

"हे नुसतं फिरतंय," वेंकूबाई म्हणाल्या.

"वेळ झाली ना? मग फोन काय करायचा आहे?" मणी म्हणाला, आणि त्याने मशीन भातात घातलं.

'कदिर' संध्याकाळपर्यंत उठलं नाही. मशीनला आता कोणी दूरच्या गावी पाठवत नव्हतं. मणीने वेंकूबाईंचं शेत संपवलं, मग त्याला लागूनचं, मग त्याच्याही पुढचं. बांधावरून कोणी हाक मारली की तो वळायचा. वेळेवरून कोणी अडून बसत नव्हतं, कारण वेळ सगळ्यांचीच झाली होती. कोणाचं आधी यावरूनही फारसं कोणी भांडलं नाही. भांडायला सवड नव्हती. असंच बाकीच्या गावांतही झालं. तिसऱ्या प्रहरी पाऊस आला तेव्हा वेंकूबाईंचं भात ताडपत्रीखाली होतं.

नित्या शेवटच्या बसने भिजत तंजावरला गेली. वाटेत तिने राजीनाम्याची दोन वाक्यं मनात तयार केली. दुसरं वाक्य तिला लांब वाटलं, ते तिने काढून टाकलं.

सोमवारी ती ऑफिसात पोचली तेव्हा तुळजाराम स्पीकरवर रामस्वामींशी बोलत होते. नित्याला त्यांनी हातानेच बस म्हणून खुणावलं.

"काय सांगू राव," रामस्वामी म्हणत होते, "आमच्या लोकांना वाटलं होतं हे नुसतं नंबर लावायचं यंत्र आहे. पाऊस येतो हे त्याला कळलं. सगळ्या नक्षत्रांना त्याने एकाच वेळी बोलावलं. एका दिवसात एवढं भात या हंगामात कधी निघालं नव्हतं. कागदपत्रं आणा, सही करतो."

"आणि ते बंद पडलं ते?" तुळजारामांनी जपून विचारलं.

"काम झाल्यावर बंद पडलं. माणूससुद्धा बसतो की थोडा वेळ."

फोन बंद झाल्यावर नित्या म्हणाली, "ते मी केलं, सर."

"मज ठाऊक आहे. साईरामनं दाखवलं. बदलाच्या नोंदीत तुझं नाव आहे."

"परवानगी नव्हती. तपासलं नव्हतं. चौकोन पाहायचा राहिला."

"होय." तुळजारामांनी हात टेबलावर ठेवले. "एवढी वर्षं तू सांगत होतीस, न तपासता सोडलं तर काय होतं ते. मज पटत नव्हतं. परवा पटलं. आजपासून टेस्टिंगचा विभाग वेगळा. तू प्रमुख. थांबवायचा अधिकार तुझा. माझ्यावरसुद्धा."

"मी ते मोडलं म्हणून मला देताय?"

"मग काय पाळणाऱ्याला देऊ? त्याला काय कळतं काय होतं ते?"

साईराम दाराशी उभा होता. "पहिलं काम आलं आहे," तो म्हणाला. "रामस्वामींना पुढच्या शुक्रवारपर्यंत हवामानाचं जोडून हवं आहे. पाऊस दिसला की सगळ्या नक्षत्रांना बोलवायचं. दोन दिवसांचं काम आहे."

"आणि यादी अडवण्याची खोड?"

"तीच राहील. तीन आठवडे लागतात ना तिला."

"मग थांबवलं," नित्या म्हणाली.

खाली दुकानात कोणी तरी कपाट सरकवत होतं.

"थांबवलंस तर रामस्वामींना कारण तू सांगायचं," तुळजाराम म्हणाले.

तिने तिथूनच फोन लावला आणि कारण सांगितलं, पहिल्यापासून. शुभ वेळा ही रांग होती. पाऊस 'कदिर'ला नाही, बातम्यांना कळला होता. सगळ्या नक्षत्रांना बोलावलं ते आत्तेचं भात काढायच्या गडबडीत झालेल्या चुकीने. तिने काही गाळलं नाही. तुळजाराम खिडकीकडे तोंड करून उभे होते.

रामस्वामींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अम्मा," ते म्हणाले, "रांग आहे हे आमच्या मशीनवाल्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. अश्विनी, भरणी, कृत्तिका. शाळेत आम्हीही पाठ केलंय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"भांडणं थांबली होती. बोलून परत सुरू करू?" मग ते म्हणाले, "पावसाचं मात्र मला खरं वाटलं होतं. ते सांगितलं नसतंस तरी चाललं असतं."

"तीन आठवडे लागतील," नित्या म्हणाली. "नीट करून देते. रांगेला रांग म्हणेन, आणि सगळे एकदम आले तरी अडणार नाही."

"कर. आमचं काय, तोवर बांधावरून हाका मारून चाललंय."

सही त्यांनी केली. शब्द दिला होता, आणि चुकून का होईना, भात निघालं होतं.

पुढचे तीन आठवडे त्या मजल्यावर कंपनीच्या इतिहासातलं सर्वांत नीटस काम झालं. साईरामने यादी अडवणारा कोड मुळापासून लिहिला. नित्याने तो दोनदा परत पाठवला, आणि तो 'बघतो' न म्हणता परत लिहू लागला. 'तुमचं नल्ल नेरम' जाऊन 'तुमचा क्रमांक' आलं. मशीन आता रस्त्याप्रमाणे जाणार होतं, शेजारच्या शेतातून शेजारच्या शेतात. नित्याने सगळ्या शेतकऱ्यांना शुक्रवारी साडेनऊला सोडलं. ॲप डगमगलं नाही. दुप्पट सोडले, तरी नाही. तिने लिहिलं: 'तपासलं.' पुढे काही जोडलं नाही.

नवी आवृत्ती शुक्रवारी साडेनऊला बाहेर पडली. तोवर सांबाची कापणी संपली होती. शेतं मोकळी होती, काहींत उडीद पेरला गेला होता, आणि मशीनं ट्रकवर चढून कामासाठी आंध्राकडे गेली होती. वेंकूबाईंनी फोनवरून 'कदिर' काढून टाकलं, कारण आता ते वेळ सांगत नाही.

दिवसभरात नवं 'कदिर' एकदाच उघडलं गेलं, ते तुळजारामांनी, नारळ फोडल्यावर. पडदा क्षणात आला. त्या आवृत्तीविषयी अजून एकही तक्रार आलेली नाही.